८०८५ ला ६४ केबीच्या पलीकडे नेणे : मेमरी मॅपिंगचे साधे सर्किट कसे बांधावे

८०८५ या प्रोसेसरला पत्त्याच्या सोळा रेषा असतात, त्यामुळे त्याला ६५,५३६ पेक्षा अधिक जागा मोजताच येत नाहीत. शेजारी कितीही मोठी मेमरी चिप लावली तरी प्रोसेसरच्या दृष्टीने ६४ केबीच्या पुढचे काही अस्तित्वातच नसते. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न दोन रूपांत पुढे आला. एक म्हणजे जागा अपुरी पडणे, आणि दुसरा, त्याहून नाजूक, म्हणजे एकाच मेमरीत दोन कार्यक्रम शेजारीशेजारी ठेवायचे असतील तर प्रत्येकाचे पत्ते कसे सांभाळायचे. दोन्हींवर सापडलेला उपाय आश्चर्य वाटावे इतका लहान होता : प्रोसेसरकडून निघालेला पत्ता मेमरीपर्यंत पोहोचण्याआधी वाटेत एक छोटा तक्ता ठेवायचा आणि पत्त्याचा काही भाग त्या तक्त्यानुसार बदलून पुढे पाठवायचा.

सोलापुरातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांत ८०८५ चे संच अजून कपाटांत आहेत, आणि ज्यांनी त्या संचावर हाताने कोड भरून एखादा बेरजेचा कार्यक्रम चालवला आहे, त्या कोणालाही पुढे दिलेले सर्किट बांधता येईल. मेमरी व्यवस्थापन हा विषय बहुतेक ठिकाणी थेट आधुनिक प्रोसेसरच्या आकृत्यांपासून शिकवला जातो आणि म्हणून तो अनेकांना कायमचा धूसर राहतो. चार आकडे साठवणारी एकच चिप हाताने जोडून पाहिली तर तोच विषय एका आठवड्यात स्वच्छ होतो, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या यंत्रांनी काय केले होते

बांधणीपूर्वी रचनेची निवड समजून घ्यावी, कारण जुन्या यंत्रांत तिचे तीन वेगळे प्रकार दिसतात.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे पाया आणि मर्यादा यांची दोन रजिस्टरे, म्हणजे यंत्रातील एकेक आकडा साठवणाऱ्या छोट्या जागा. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस ही कालविभाजन प्रणाली (एकच यंत्र अनेकांना आळीपाळीने वापरू देणारी) १९६१ मध्ये प्रथम दाखवली आणि पुढे ती आयबीएम ७०९४ या यंत्रावर चालवली. त्यासाठी त्या यंत्रात खास बदल करून घेण्यात आले. कार्यक्रमाने दिलेल्या प्रत्येक पत्त्यात पायाचा आकडा मिळवला जाई आणि पत्ता ठरवलेल्या हद्दीबाहेर गेला तर यंत्र तो कार्यक्रम थांबवून नियंत्रण व्यवस्थेकडे जाई. मेमरी ३२,७६८ शब्दांची होती आणि तिचे २५६ शब्दांचे गट पाडलेले असल्याने ही रजिस्टरे सात बिटांची असली तरी पुरत. या रचनेत बेरीज करणारे सर्किट लागते आणि कार्यक्रमाची सर्व जागा सलग असावी लागते, हे तिचे दोन तोटे आहेत.

दुसरा प्रकार इंग्लंडमधील मँचेस्टर येथे टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या ॲटलस यंत्राचा. ते १९६२ मध्ये सुरू झाले. त्याची मुख्य मेमरी ५१२ शब्दांच्या ३२ भागांत विभागलेली होती आणि प्रत्येक भागाशेजारी, सध्या त्यात कोणते पान आहे, हे सांगणारे एक रजिस्टर होते. पत्ता आला की ही ३२ रजिस्टरे एकाच वेळी स्वतःशी तो ताडून पाहत. कोणाशीच जुळला नाही तर ते पान चुंबकीय ड्रमवरून आणले जाई. आजची आभासी मेमरी येथून निघाली, परंतु ३२ ठिकाणी एकाच वेळी तुलना करणारे सर्किट ब्रेडबोर्डावर बांधण्याचा आग्रह धरू नये.

तिसरा प्रकार आपल्यासाठी योग्य आहे. पत्त्याचे वरचे काही बिट काढून घ्यायचे, त्यांचा उपयोग तक्त्यातील ओळ निवडण्यासाठी करायचा आणि त्या ओळीत जो आकडा असेल तो त्यांच्या जागी बसवायचा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ मालिकेतील ११/४० आणि ११/४५ या यंत्रांत सोळा बिटांच्या पत्त्याचे वरचे तीन बिट अशाच रीतीने आठांपैकी एक रजिस्टर निवडत आणि त्यातून अठरा बिटांचा, म्हणजे २५६ केबीपर्यंतचा पत्ता तयार होई. त्या यंत्रांत त्यानंतर बेरीजही होती, कारण प्रत्येक पानाची सुरुवात ६४ बाइटच्या टप्प्यांत कोठेही ठेवता येत असे. आपण बेरीज पूर्णपणे गाळणार आहोत. अठरा बिटांचा पत्ता मात्र आपल्यालाही मिळणार आहे.

रचना आणि लागणारे सुटे भाग

८०८५ च्या ६४ केबी पत्त्यांचे १६ केबीचे चार समान भाग करावेत. या चार भागांना मी खिडक्या म्हणेन आणि त्यांना ० ते ३ असे क्रमांक देईन. प्रत्यक्ष मेमरीचेही १६ केबीचेच भाग पाडावेत. त्यांना खण म्हणू. प्रत्येक खिडकीतून कोणता खण दिसावा हे चार बिटांचा एक आकडा ठरवील, त्यामुळे एकूण १६ खण म्हणजे २५६ केबी उपलब्ध होतात.

हे चार आकडे साठवण्यासाठी ७४एलएस६७० ही चिप वापरावी. तिच्यात चार बिटांची चार रजिस्टरे असतात, आणि लिहिण्यासाठी रजिस्टर निवडण्याचे पाय वाचण्यासाठी निवडण्याच्या पायांपासून वेगळे असतात. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये डीएमए नियंत्रकाच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत माहितीची ने-आण करणाऱ्या चिपच्या) सोळा बिटांना वरचे चार बिट पुरवण्याचे काम हीच चिप करत होती. १९८४ च्या एटी संगणकात त्या जागी १६ रजिस्टरांची ७४एलएस६१२ आली. ६१२ अधिक समर्थ आहे, पण आज सहज मिळत नाही आणि शिकण्यासाठी तिची गरजही नाही.

बाकी भागांची यादी मोठी नाही. ८०८५ आणि ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, खालचे पत्ते धरून ठेवण्यासाठी ७४एलएस३७३, रॉमसाठी ३२ केबीची २८सी२५६, रॅमसाठी १२८ केबीची ६२८१२८, पोर्ट ओळखण्यासाठी ७४एचसीटी६८८, तसेच ७४एचसीटी०४ आणि ७४एचसीटी३२ प्रत्येकी एक, आणि १० किलोओहमचे दहाबारा रेझिस्टर एवढे पुरेसे आहे. येथे एचसीटी हीच मालिका घ्यावी. ६७० चे उच्च पातळीचे व्होल्टेज २.४ इतके खाली येऊ शकते आणि साध्या एचसी मालिकेला ३.५ व्होल्टच्या आसपास लागतात. त्यामुळे एचसी चिप लावल्यास सर्किट कधी चालते, कधी चालत नाही, आणि असा दोष शोधण्यात सर्वाधिक वेळ जातो.

सोलापुरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत रेझिस्टर, सॉकेट, सामान्य बोर्ड आणि बहुधा ७४ मालिकेतील नेहमीच्या चिप मिळतील. ६७०, ६८८ किंवा ६२८१२८ साठी ऑनलाइन मागवावे किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन शोधावे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परतता येते. जुन्या बोर्डावरून काढलेल्या चिप नव्या म्हणून विकल्या जातात, म्हणून ६७० दोनच्या (दुसरी शेवटी, लिहिण्यास मनाई करण्यासाठी लागेल) जागी चार घ्याव्यात. ज्यांचे घर पूर्व भागात यंत्रमागांच्या जवळ आहे त्यांनी ब्रेडबोर्डाऐवजी सॉकेट लावून सोल्डर केलेला बोर्ड वापरावा. हवेतील सुताचा भुगा ब्रेडबोर्डाच्या भोकांत बसतो आणि संपर्क कमकुवत होतो. वीजपुरवठा ७८०५ वरून घेणार असाल तर त्याला हीट सिंक अवश्य लावावा, कारण एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमानच ४० अंशांच्या पुढे असताना रेग्युलेटरला स्वतःची उष्णता टाकायला वाव उरत नाही. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. हा खर्च कधीही वाचवू नये.

आधी ६७० हाताने चालवून पाहावी

प्रोसेसर लावण्यापूर्वी ६७० एकटीच ब्रेडबोर्डावर घ्यावी. डेटाचे चार पाय, लिहिण्याची निवड करणारे दोन आणि वाचण्याची निवड करणारे दोन असे आठ पाय डिप स्विचला जोडावेत, लिहिण्याच्या परवानगीच्या पायाला दाबबटण द्यावे आणि वाचण्याच्या परवानगीचा पाय जमिनीला जोडावा. या दोन्ही परवानग्या शून्य पातळीवर चालतात. स्विच आणि बटण यांच्या रेषा ४.७ किलोओहममधून ५ व्होल्टकडे ओढलेल्या असाव्यात. बाहेर येणाऱ्या चार पायांवर ५ व्होल्टपासून १ किलोओहममधून एलईडी लावावेत; अशा जोडणीत दिवा लागला म्हणजे शून्य, हे लक्षात ठेवावे.

आता चार रजिस्टरांत चार वेगवेगळे आकडे लिहावेत आणि वाचण्याचे स्विच फिरवून ते परत दिसतात का ते पाहावे. बटण दाबताना संपर्क थरथरला तरी बिघडत नाही, कारण तोच आकडा त्याच जागी पुन्हा लिहिला जातो. वाचण्याचे दोन स्विच म्हणजे उद्याचे ए१४ आणि ए१५, आणि दिवे म्हणजे उद्याचा खण क्रमांक. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या जोडणीत कल्पना करण्यासारखे काही उरत नाही. शेवटी वाचण्याच्या परवानगीचा पाय ५ व्होल्टला जोडून पाहावा : सर्व दिवे विझले पाहिजेत, कारण आता चिपने आपले बाहेरचे पाय सोडून दिलेले आहेत. ही सोडून देण्याची क्षमता पुढे निर्णायक ठरणार आहे.

जोडणी

८०८५ चे ए१४ आणि ए१५ हे पाय आता मेमरीकडे थेट नेऊ नयेत. ए१४ हा ६७० च्या आरए आणि डब्ल्यूए या दोन्ही पायांना आणि ए१५ हा आरबी आणि डब्ल्यूबी या दोन्ही पायांना जोडावा. ए० ते ए१३ नेहमीप्रमाणे सरळ मेमरीकडे जातील, त्यांतील खालचे आठ ३७३ मधून. ६७० चे डेटा पाय डी१ ते डी४ हे एडी० ते एडी३ या, खालचे पत्ते आणि डेटा आळीपाळीने वाहणाऱ्या रेषांना द्यावेत.

बाहेरच्या बाजूस क्यू१ हा रॉम आणि रॅम या दोन्हींच्या ए१४ ला, क्यू२ हा रॅमच्या ए१५ ला आणि क्यू३ हा रॅमच्या ए१६ ला जोडावा. क्यू४ वरून रॉम की रॅम हे ठरते : तो शून्य असेल तर रॉम, एक असेल तर रॅम. ६२८१२८ ला निवडीचे दोन पाय असतात, एक शून्यावर चालणारा आणि दुसरा एकवर चालणारा. पहिल्याला ८०८५ चा आयओ/एम हा पाय (मेमरीच्या वेळी शून्य, पोर्टच्या वेळी एक असणारा) आणि दुसऱ्याला थेट क्यू४ जोडला की रॅमसाठी वेगळे गेट लागत नाही. रॉमच्या निवडीसाठी क्यू४ आणि आयओ/एम यांचे ऑर गेट पुरते. रॉमचा लिहिण्याचा पाय कायमचा ५ व्होल्टला बांधावा. अशा रीतीने खण ० आणि १ मध्ये रॉम, तर खण ८ ते १५ मध्ये रॅम येते; २ ते ७ या खणांत रॉमचीच पुनरावृत्ती दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

तक्त्यात आकडा लिहिण्याची वाट ८०८५ च्या एका गुणधर्मामुळे फार सुबक होते. आउट ही पोर्टवर आकडा पाठवणारी आज्ञा चालताना पोर्टचा क्रमांक खालच्या आठ रेषांवर तर येतोच, पण तोच क्रमांक ए८ ते ए१५ वरही उमटतो. म्हणजे पोर्ट क्रमांकाचे वरचे दोन बिट त्या वेळी ए१५ आणि ए१४ वर असतात, आणि ते पाय आपण आधीच ६७० च्या डब्ल्यूबी आणि डब्ल्यूए ला दिलेले आहेत. म्हणून दशमान पद्धतीत पोर्ट १६, ८०, १४४ आणि २०८ हे अनुक्रमे खिडकी ०, १, २ आणि ३ चे पोर्ट होतात. प्रत्येकात ६४ चे अंतर आहे आणि खालचे सहा बिट सारखेच आहेत. ते सहा बिट, म्हणजे ए८ ते ए१३, ६८८ च्या एका बाजूस द्यावेत आणि दुसऱ्या बाजूस ए१२ समोर एक व बाकी पाचांसमोर शून्य बांधावे. उरलेल्या दोन जागांपैकी एकीत आयओ/एम समोर एक आणि दुसरीत लिहिण्याच्या संकेतासमोर शून्य बांधावे, आणि ६८८ चा परवानगीचा पाय जमिनीला द्यावा. तुलना जुळली की ६८८ चा बाहेरचा पाय शून्य होतो, आणि तोच ६७० ची लिहिण्याची परवानगी म्हणून जोडायचा आहे.

८०८५ रीसेटमध्ये किंवा थांबलेला असताना वाचण्याचा संकेत, लिहिण्याचा संकेत आणि आयओ/एम हे तिन्ही पाय मोकळे सोडतो. त्यांना १० किलोओहमने ५ व्होल्टकडे ओढून ठेवावे. न वापरलेले इंटरप्टचे (चालू काम मध्येच थांबवायला लावणारे) पाय आणि होल्ड जमिनीला, तर रेडी ५ व्होल्टला जोडावा. ट्रॅप हा पाय मोकळा राहिला तर प्रोसेसर कधीही भलतीकडे जाऊ शकतो, कारण तो कोणत्याही आज्ञेने बंद करता येत नाही.

वेळेची काळजी येथे फारशी करावी लागत नाही. ३ मेगाहर्ट्झवर पत्ता निघाल्यापासून डेटा परत येण्यासाठी ८०८५ सुमारे ६०० नॅनोसेकंद देतो, आणि त्यातील ६७० चा वाटा जास्तीत जास्त ४५ च्या आसपास असतो.

पहिला क्षण

वीज आली त्या क्षणी ६७० मध्ये कोणते आकडे असतील याची काहीच शाश्वती नसते. तक्ता भरणारा कार्यक्रम रॉममध्ये आहे, आणि रॉम दिसण्यासाठी तक्ता आधीच भरलेला असायला हवा. ही गाठ प्रत्येक मेमरी व्यवस्थापन सर्किटात असते आणि सोय करून ठेवल्याशिवाय ती सुटत नाही.

आपली सोय अशी : क्यू१ ते क्यू४ या चारही रेषा १० किलोओहमने जमिनीकडे ओढाव्यात, आणि ८०८५ चा एसओडी हा पाय एका इन्व्हर्टरमधून ६७० च्या वाचण्याच्या परवानगीला द्यावा. रीसेट झाला की ८०८५ एसओडी स्वतःच शून्य करतो. त्यामुळे ६७० आपले बाहेरचे पाय सोडून देते, रेझिस्टर चारही रेषा शून्यावर आणतात, आणि चारही खिडक्यांतून खण ०, म्हणजे रॉमची सुरुवात दिसू लागते. प्रोसेसर पत्ता ० पासून सुरू होतो आणि त्याला तेथे आपला कार्यक्रम सापडतो. एसओडी हा पाय मूळचा क्रमिक माहिती पाठवण्यासाठी आहे, त्यामुळे या सर्किटात त्या कामासाठी तो उरत नाही; वेगळा फ्लिपफ्लॉप वाचतो, हा सौदा मला योग्य वाटतो.

रॉममधील पहिल्या आज्ञांनी ॲक्युम्युलेटरमध्ये ० घेऊन पोर्ट १६ वर, ८ घेऊन पोर्ट ८० वर, ९ घेऊन पोर्ट १४४ वर आणि १० घेऊन पोर्ट २०८ वर आउट करावे. त्यानंतर ॲक्युम्युलेटरमध्ये १९२ घेऊन सिम ही आज्ञा द्यावी. १९२ मधील वरचे दोन बिट एक असल्याने एसओडी एक होतो आणि इंटरप्टची झाकणे (मास्क, म्हणजे त्यांना अडवून ठेवणारे बिट) जशीच्या तशी राहतात. या क्षणापासून तक्ता जिवंत आहे. मग स्टॅक पॉइंटरमध्ये, म्हणजे परतीचे पत्ते साठवण्याच्या जागेचे टोक दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये, ० भरावे. पहिली नोंद ६५,५३५ या पत्त्यावर, म्हणजे खिडकी ३ च्या टोकाला जाईल. सिमच्या आधी कॉल किंवा पुश यांपैकी काहीही वापरू नये, कारण तेव्हा रॅम कोठेच दिसत नसते.

येथे एक नियम कायमचा मनात ठसवावा. ज्या खिडकीतून सध्याच्या आज्ञा वाचल्या जात आहेत, तिच्यात बदलापूर्वी आणि बदलानंतर एकच खण असला पाहिजे. आपण खिडकी ० मध्ये खण ० लिहिला तो याचसाठी. सिमच्या आधी तेथे रेझिस्टरांमुळे खण ० होता आणि नंतर तक्त्यामुळे खण ० आहे, म्हणून पुढची आज्ञा सुखरूप वाचली जाते. हा नियम मोडला की प्रोसेसर एका आज्ञेनंतर अनोळखी बाइट वाचू लागतो आणि काय बिघडले याचा मागमूसही उरत नाही.

चाचणी

खिडकी २ मधून ८ ते १५ हे खण एकामागून एक आणावेत आणि प्रत्येकाच्या पहिल्या बाइटमध्ये, म्हणजे पत्ता ३२,७६८ वर, त्या खणाचा स्वतःचा क्रमांक लिहावा. सर्व लिहून झाल्यावर पुन्हा ८ पासून सुरुवात करून वाचावे. लिहून लगेच वाचल्यास ही चाचणी निरुपयोगी ठरते, कारण सदोष सर्किटही नुकतेच लिहिलेले परत देते.

उत्तरांवरून दोष थेट ओळखता येतो. खण ८ मध्ये ९ सापडले तर क्यू१ ची रेषा तुटलेली किंवा एका पातळीवर अडकलेली आहे. १० सापडले तर क्यू२ ची. १२ सापडले तर क्यू३ ची. आठही खणांत १५ सापडले तर बहुधा तक्त्यात काही लिहिलेच जात नाही, म्हणून ६८८ च्या बाहेरच्या पायावर आउटच्या वेळी शून्याची स्पंदने येतात का ते लॉजिक प्रोबने पाहावे. यानंतर खिडकी १ आणि २ दोन्हींमध्ये खण ८ ठेवून १६,४८४ वर लिहिलेला आकडा ३२,८६८ वर वाचून पाहावा. एकच जागा दोन पत्त्यांवर दिसणे हा दोष नव्हे. कार्यक्रमांनी मेमरी वाटून घेण्याची सोय तीच आहे.

६७० मधील आकडे प्रोसेसरला परत वाचता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. कोणत्या खिडकीत काय आहे याची एक प्रत रॅममध्ये ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी.

एकाच मेमरीत दोन कार्यक्रम

या सर्किटाचे खरे मोल येथे कळते. पहिल्या कार्यक्रमाला खण ८, ९, १० आणि दुसऱ्याला ११, १२, १३ द्यावेत. दोघेही आपण १६,३८४ पासून ६५,५३५ पर्यंतच्या जागेत एकटेच आहोत असे समजून चालतील, दोघांचाही कोड एकाच पत्त्यासाठी तयार केलेला असू शकेल, आणि खिडकी ० मध्ये कायम रॉम राहील. आरएसटी ७.५ या इंटरप्टच्या पायावर ५५५ टायमरची स्पंदने द्यावीत. सिमने त्या इंटरप्टचे झाकण काढून ईआय (इंटरप्ट स्वीकारू देणारी आज्ञा) दिल्यानंतर प्रत्येक स्पंदनाला प्रोसेसर पत्ता ६० वर जाईल, आणि तो पत्ता रॉममध्ये असल्याने अदलाबदल करणारा कोड नेहमी सापडेल. मात्र झाकण काढताना दिलेल्या आकड्यात एसओडी बदलण्यास परवानगी देणारा बिट शून्य ठेवावा किंवा एसओडी पुन्हा एकच लिहावा, नाहीतर तक्ता बंद पडेल.

अदलाबदलीचा कोड असा रचावा. प्रथम चारही रजिस्टर जोड्या स्टॅकवर पुश कराव्यात. मग एचएलमध्ये शून्य घेऊन त्यात स्टॅक पॉइंटर मिळवावा आणि तो ४९,१५२ या पत्त्यावर, म्हणजे खिडकी ३ च्या अगदी सुरुवातीला साठवावा. त्याच्या पुढच्या तीन बाइटांत, ४९,१५४ ते ४९,१५६ वर, पाळीने येणाऱ्या पुढच्या कार्यक्रमाच्या तीन खणांचे क्रमांक आधीपासून लिहून ठेवलेले असावेत. ते बी, सी आणि डी या रजिस्टरांत उचलावेत, आणि तिन्ही उचलून झाल्यावरच पोर्ट ८०, १४४ आणि २०८ वर पाठवावेत. घाई करून एकेक क्रमांक उचलून लगेच पाठवण्याची रीत धोक्याची आहे. खिडकी ३ बदलताच जुने क्रमांक नजरेआड होतात आणि तेथे दुसऱ्याच कार्यक्रमाची यादी दिसू लागते.

आता ४९,१५२ वरून पुन्हा स्टॅक पॉइंटर वाचावा. पत्ता तोच आहे, पण खिडकीमागचा खण बदललेला असल्याने मिळणारा आकडा दुसऱ्या कार्यक्रमाचा आहे. तो स्टॅक पॉइंटरमध्ये घालून रजिस्टरे उलट क्रमाने पॉप करावीत, ईआय द्यावा आणि रेट (परतीची आज्ञा) करावे. कोणता कार्यक्रम चालू आहे हे कोठेही वेगळे नोंदवावे लागत नाही. दुसरा कार्यक्रम पहिल्यांदा सुरू होताना त्याच्या स्टॅकवर काहीच नसते, म्हणून त्याच्या खणात सुरुवातीचा पत्ता आणि चार जोड्यांसाठी आठ बाइट आपणच आधी मांडून ठेवावेत. हा कोड पन्नास-साठ बाइटांच्या आत बसतो, आणि तो कागदावर एकेक पाऊल लिहून तपासल्याशिवाय रॉममध्ये भरू नये.

लिहिण्यास मनाई

आतापर्यंतच्या सर्किटात भाषांतर आहे, संरक्षण नाही. त्याची पहिली पायरी म्हणून दुसरी ६७० पहिलीला समांतर लावावी. निवडीचे आणि परवानगीचे सर्व पाय तेच, फक्त डी१ ला एडी४ द्यावा. तिच्या क्यू१ वर मनाईचा बिट मिळेल. तोही १० किलोओहमने जमिनीकडे ओढावा, म्हणजे रीसेटनंतर मनाई नसेल. रॅमचा लिहिण्याचा संकेत थेट न देता तो आणि मनाईचा बिट यांच्या ऑर गेटमधून द्यावा. आता एखाद्या खिडकीच्या पोर्टवर ८ ऐवजी २४ लिहिले की खण ८ दिसेल, पण त्यात लिहिता येणार नाही.

नुसते अडवणे पुरेसे नाही. कार्यक्रमाने मर्यादा ओलांडली हे कळायला हवे. मेमरीत लिहिण्याचा प्रयत्न आणि मनाई दोन्ही एकाच वेळी खरे असतील तेव्हा एक होणारा संकेत तयार करावा, त्याच्या चढत्या कडेने ७४एचसीटी७४ मधील एक फ्लिपफ्लॉप चढवावा आणि त्याचा बाहेरचा पाय ट्रॅपला द्यावा. पत्ता ३६ वर, म्हणजे रॉममध्येच, याचा समाचार घेणारा कोड ठेवावा. दुसऱ्या ६८८ ने पोर्ट १७ ओळखून तो फ्लिपफ्लॉप उतरवावा, आणि रीसेटनेही तो उतरेल अशी जोडणी करावी. ज्या खिडकीत स्टॅक आहे तिला मात्र कधीही मनाई लावू नये; ट्रॅप येताच परतीचा पत्ता स्टॅकवर लिहिला जातो आणि तोच अडवला गेला तर परतण्याची वाट राहत नाही.

हे झाले तरी एक दार उघडेच राहते. कोणताही कार्यक्रम स्वतः पोर्ट २०८ वर आउट करून तक्ता बदलू शकतो. पीडीपी-११ मध्ये नियंत्रण व्यवस्थेची आणि वापरकर्त्याची अशा वेगळ्या अवस्था होत्या आणि प्रत्येक अवस्थेला स्वतःची रजिस्टरे होती, तर ८०८५ ला अशा अवस्थाच नाहीत. ट्रॅप आज्ञा संपल्यावरच विचारात घेतला जात असल्याने चुकलेली आज्ञा पुन्हा पहिल्यापासून चालवणेही शक्य होत नाही, आणि म्हणून ॲटलससारखे हवे तेव्हा पान आणणे या प्रोसेसरवर साधत नाही. ही उणीव लहान प्रोसेसरांपुरतीच नव्हती : १९७९ च्या मोटोरोला ६८००० लाही मध्येच थांबलेली आज्ञा नीट पुढे नेता येत नसे, आणि ती सुधारणा १९८२ च्या ६८०१० मध्ये आली.

अधिक मेमरी हवी असल्यास दुसऱ्या ६७० मधील मोकळ्या तीन बिटांना एडी५ ते एडी७ द्यावेत. खण क्रमांक सात बिटांचा होऊन १२८ खण, म्हणजे २ एमबी इतकी जागा मोजता येते. त्यासाठी मेमरी चिप निवडणारा एक ७४एचसीटी१३८ वाढवावा लागेल, आणि या तीन नव्या रेषाही १० किलोओहमने जमिनीकडे ओढाव्या लागतील, अन्यथा रीसेटनंतर प्रोसेसर खण ० ऐवजी भलत्याच खणातून पहिली आज्ञा उचलील.